मास्तरांच्या गाडीची कुरकुर

गाडी घरी आली त्या दिवशी हिलालमास्तरांनी तिला हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली चार लिंबं चिरडली आणि सुरतेच्या उधन्यातल्या त्यांच्या गल्लीत घरटी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते चहा न पिता गाडीत जाऊन बसले आणि डोळे मिटून बसूनच राहिले. त्यांच्या बायकोला, मालतीबाईंना वाटलं, ध्यान लागलं. नवी गाडी घेतलेल्या माणसाला चार दिवस असं काही होत असावं.

"हर्षानी माय," मास्तरांनी लेकीच्या नावाने आतून हाक मारली, "इकडे ये. ऐक."

मालतीबाई ओल्या हातांनी गेल्या. मास्तरांनी दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"काय ऐकू?"

"कुरकुरतंय."

"कोण?"

"दार!"

मालतीबाईंनी नीट ऐकलं. दार कुरकुरत होतं हे खरं. त्यांच्या घराचं पुढचं दार बावीस वर्षं कुरकुरत होतं, मोरीचं तर किंचाळत होतं, आणि त्याबद्दल मास्तरांनी आजवर अवाक्षर काढलं नव्हतं. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. माणूस बिनचहाचा होता.

हिलालमास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. शाळेशी त्यांचा संबंध चौथीत, दोन्ही बाजूंच्या संमतीने संपला होता. सुरतेत कापड विणायच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यातले बिघडलेले लूम जो दुरुस्त करतो त्याला मास्तर. साक्री तालुक्यातून तरुणपणी आलेले हिलाल अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यात मास्तर होते आणि आता आठ लूमचं स्वतःचं खातं चालवत होते. त्यांच्या कानाची ख्याती उधन्यापासून सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत होती. शंभर लूम एकदम खडखडत असताना मास्तर दारात चपला काढता काढता सांगत, "सत्तेचाळीस नंबरचा नट ढिला झालाय." जाऊन बघावं तर झालेला असायचा. घरी मात्र बायकोने शेजारी बसून मारलेली हाक त्यांना ऐकू येत नसे. या दोन गोष्टींची सांगड घालायचा प्रयत्न मालतीबाईंनी पुष्कळ वर्षांपूर्वी सोडून दिला होता.

असा तो कान आणि अशी ती सत्त्याण्णव सालची कोरी करकरीत पांढरी छोटी गाडी. आठवडाभरात मास्तरांनी चार आवाज शोधून काढले. एक, दाराची कुरकुर. दोन, समोरच्या फळीतून येणारी टिकटिक, तीसच्या वर वेग गेला की सुरू. तीन, मागच्या सीटखाली कोणीतरी फुटाणे खातंय असा. आणि चौथा, फक्त डावीकडे वळताना येणारा. सुना असलेल्या घरात सासरा आत पाऊल टाकण्याआधी खाकरतो, हुबेहूब तसा. तो नेमका कुठून येतो ते कोणालाच सांगता येईना.

गाडी जिथून घेतली तिथल्या पोरसवदा इंजिनिअरने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हात पुसले. हात स्वच्छच होते. "काका, नवी गाडी छे. पांचसो किलोमीटर फरसे एटले बधुं बेसी जसे."

पाचशे किलोमीटर फिरली की सगळं आपोआप बसेल, असं त्याचं म्हणणं. मास्तर घरी आले ते लाल होऊन.

"मला सांगतो, बसेल! हर्षानी माय, नवीन लूम खडखडला की हेच सांगून मी अठ्ठावीस वर्षं शेठ लोकांना परत पाठवलंय!"

"मग बसायचे का ते लूम?"

"काही बसायचे. काहींची शेठला सवय व्हायची."

मालतीबाईंना गाडीच्या आवाजाचं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता वैशाखातल्या एका दुपारीत.

त्यांच्या माहेरी, साक्रीच्या पुढे फाट्यावरून दोन मैल आत असलेल्या धामणदऱ्याला, रीत अशी की नवरीला पहिली हळद आत्याने लावायची. आत्या एकच, मालतीबाई. भाऊ लक्ष्मणला मुली चार. पहिलीच्या हळदीला त्या निघाल्या, तर पॅसेंजर गाडी नंदुरबारला चार तास उभी राहिली. दुसरीच्या वेळी मास्तरांच्या शेठकडे परदेशी माल निघायचा होता म्हणून सुट्टी मिळाली नाही. तिसरीच्या वेळी बस व्याऱ्याच्या पुढे बंद पडली. तिन्ही वेळा मुहूर्त टळायला नको म्हणून शेजारच्या शांताबाईंनी हळद लावली आणि मालतीबाई पोहोचल्या तेव्हा तिन्ही पोरी पिवळ्या होऊन बसलेल्या होत्या. भावजय शोभा वाईट नव्हती. ती फक्त एवढंच म्हणायची, "नणंदबाई, सुरत लांबच, नाही का?" आणि ते ती तिन्ही वेळा म्हणाली होती.

आता शेवटची, नूतन. गाडी दारात लागली त्याच संध्याकाळी मालतीबाईंनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून लक्ष्मणला फोन लावला होता. फोनमध्ये लांबचं बोलायचं म्हणून त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की बूथवाल्यालाही निमंत्रण मिळालं. "हळद चारला ना? मी बारालाच येते. स्वतःच्या गाडीने येते! शांताबाईंना सांग, यंदा नुसतं बसायला या."

आणि त्याच आठवड्यात मास्तरांनी जेवताना ताटावरून जाहीर केलं, "आवाज बंद झाल्याशिवाय ही गाडी खानदेशात जाणार नाही."

मालतीबाईंचा हात भाकरीवरच थांबला. "का?"

"तुझ्या माहेरचे लोक काय म्हणतील? हिलालने जुनी गाडी रंगवून आणली म्हणतील. अख्खी सुरत मला मशीन दाखवायला बोलावते आणि माझीच गाडी दारात कुरकुरत उभी राहणार?"

"मग बसने जाऊ."

"गाडी असताना बसने? मग तर म्हणतील, गाडी घेतल्याची थापच मारली."

"हर्षाना बाप," मालतीबाई शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की घरातली मांजरसुद्धा बाहेर जायची. "हळदीला सतरा दिवस आहेत. आवाज काढा नाही तर कान काढा. मी चौथ्यांदा पिवळी पोरगी बघायला जाणार नाही."

मास्तर कामाला लागले. सगळ्यात आधी त्यांनी आपले मित्र नागनाथ यांना बोलावलं. नागनाथ रेल्वेत होते. उधना यार्डात गाडी येऊन थांबली की लांब दांड्याच्या हातोडीने एकेका चाकावर टोला मारायचा आणि आवाजावरून चाक धड आहे की चिरलंय ते सांगायचं, ही त्यांची नोकरी. म्हणजे सुरतेतले दोन नामांकित कान आता एका गाडीला लागले.

"जयभीम मास्तर," नागनाथ हातोडी घेऊनच आले. "पेशंट कुठाय?"

"राम राम. हलके मारा, नवी आहे."

नागनाथांनी गाडीवर एक्केचाळीस ठिकाणी टकटक केलं आणि संशयित जागी खडूने फुली मारली. काम संपलं तेव्हा गाडी देवी आल्यासारखी दिसत होती.

"काय निघालं, भाऊजी?" मालतीबाईंनी चहा देत विचारलं.

"वहिनी, चाकं उत्तम आहेत," नागनाथ गंभीरपणे म्हणाले. "बाकीच्या भागाचं आमच्याकडे शिक्षण होत नाही."

मग मास्तरांनी खात्यातली पद्धत काढली. लूमच्या गदारोळात आवाज नेमका कुठला ते कळेनासं झालं की एकेका भागावर हात दाबून धरायचा. ज्याच्यावर हात ठेवल्यावर आवाज थांबतो, तो गुन्हेगार. त्या हिशेबाने रविवारी सकाळी वरात निघाली. मास्तर चाक धरून. शेजारी मुलगी हर्षदा, दोन्ही पाय वर करून समोरच्या फळीवर रोवलेली. मागे मालतीबाई, डाव्या दाराला कवटाळून, गाल काचेला चिकटलेला. त्यांच्या शेजारी नागनाथ उलटे तोंड करून सीटवर गुडघे टेकून, मागची फळी दोन्ही पंजांनी दाबत.

"दाबा!" मास्तर ओरडले. सगळ्यांनी दाबलं. गाडी एकदम गप्प झाली.

"सोडा!" गाडी बोलायला लागली.

"दाबा! सोडा! दाबा!"

असं करत करत ते पर्वत पाटियाच्या चौकात पोहोचले आणि तिथल्या ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली. त्याची काही चूक नव्हती. त्याला जे दिसलं ते असं: एक बाई काचेला चेहरा आणि पंजा लावून डोळे विस्फारून बाहेर बघतेय, एक माणूस मागच्या काचेतून हात पसरून काहीतरी सांगू पाहतोय, एका मुलीचे पाय वर आहेत, आणि गाडी चालवणारा आनंदाने हसतोय.

हवालदाराने मालतीबाईंची काच उतरवायला लावली. "बेन, कोण उठावी जाय छे तमने?"

"कोणी पळवत नाही, साहेब. नवराच आहे."

"तो पछी दरवाजो केम पकड्यो छे?"

"सोडला की बोलतो."

हवालदाराने मास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा मालतीबाईंकडे. "बरं," तो मराठीत म्हणाला, आणि कुतूहलाने पुढे झाला. "जरा चालवा बघू." गाडी दहा हात पुढे गेली आणि मागे आली. हवालदार मान वाकडी करून ऐकत होता. चौकातली चारी बाजूंची वाहतूक त्याच्यासाठी थांबली होती. "पाछळथी आवे छे," मागून येतोय, असा निर्णय देऊन तो पुन्हा शिट्टीकडे वळला. नव्या गाडीच्या आवाजाबद्दल मत नसलेला माणूस सुरतेत मिळणं कठीण.

घरी येताना मास्तर खूश होते. "सिद्ध झालं. चार जणांनी दाबून धरलं की गाडी एकदम निर्दोष आहे."

"पप्पा, धामणदऱ्यापर्यंत पाय वर करून मी नाही येणार हं," हर्षदा म्हणाली. ती कॉलेजात होती. घरात आईबापांचं अहिराणीत चाले, ती उत्तर देई ते निम्मं गुजरातीत. "मारा पग सूजी गया."

पोरीचे पाय सुजले हे बघून मास्तरांना उपाय सुचला. माणसांनी दाबायचं ते चिंध्यांनी दाबायचं. आणि सुरतेत एक वस्तू कधी कमी पडत नाही, ती चिंधी. साडीच्या कडा, कातरलेले काठ, डाग पडलेले तुकडे. मास्तरांनी खात्यातून तीन पोती भरून आणली.

पुढचे बारा दिवस गाडी अंगणात उघडी पडलेली होती. दारांच्या आतले पुठ्ठे निघाले, सीट निघाल्या, डिकीतली चटई निघाली. मास्तर गुलाबी, पोपटी, जांभळ्या चिंध्या पत्र्याच्या पोकळीत ठासत होते. मालतीबाई शेजारी उभ्या राहून पाना दे, डिसमिस घे करत होत्या. स्क्रू पिळायच्या हत्याराला सुरतेत डिसमिस म्हणतात, आणि बारा दिवसांत त्या हत्याराशी त्यांची अशी ओळख झाली की कुठल्या दाराला किती स्क्रू आणि त्यातला कुठला फिरता आहे हे त्यांना पाठ झालं. शिवाय इंजिनाचा आवाज आत यायला नको म्हणून त्यांनी साडीच्या तुकड्यांची एक जाड गोधडी शिवली. ती मास्तरांनी इंजिन आणि माणसं यांच्यामधल्या पत्र्यावर ताणून बसवली. गोधडीवर मोराची नक्षी आली होती. ती आता कोणालाच दिसणार नव्हती, याचं मालतीबाईंना थोडं वाईट वाटलं.

हळदीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मास्तर गाडी घेऊन सचिनपर्यंत जाऊन आले. खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरून आलेले होते.

"काही नाही," ते हळूच म्हणाले. "काही म्हणजे काहीच नाही. हर्षानी माय, ऐकून बघ."

मालतीबाईंनी ऐकलं. खरंच काही नव्हतं. त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

सकाळी सहाला निघाले. मागच्या सीटवर आहेराच्या पिशव्या आणि हर्षदा. पुढे मालतीबाई, मोरपिशी साडीत, मांडीवर नूतनसाठी घेतलेला शालू. गाडी अशी चालली होती की जणू रस्ताच खालून सरकतोय. मालतीबाई मनात धामणदऱ्याला पोहोचून परतही आल्या.

बारडोली यायच्या आत मास्तरांनी गाडी कडेला घेतली.

"काय झायं?"

"बंद पडली."

त्यांनी किल्ली फिरवली. गाडीतून अशी काही किंकाळी निघाली की कडेची बगळ्यांची रांग उडाली.

"पप्पा, चालू ज छे!" हर्षदा मागून म्हणाली. "चालू असताना किल्ली नाही मारायची."

मास्तरांनी उतरून बॉनेट उघडलं, इंजिनावर हात ठेवला. इंजिन थरथरत होतं. चालू होतं. ते परत येऊन बसले. चार मैल गेले. पुन्हा कडेला.

"आता नक्की बंद पडली."

"चालू ज छे, पप्पा!"

बारडोलीपासून व्याऱ्यापर्यंत मास्तर अकरा वेळा थांबले. व्याऱ्याला त्यांनी मेकॅनिक शोधला. तो कुठल्या तरी सासरवाडीला गेला होता, त्याची दीड तास वाट पाहिली. आल्यावर त्याने बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "शुं तकलीफ छे?"

"चालू आहे का बघा," मास्तर म्हणाले.

मेकॅनिकने पुष्कळ वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग "चालू छे" म्हणाला आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. असल्या गिऱ्हाइकाकडून घेऊ नयेत, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

सोनगडला तीन वेळा. नवापूरच्या नाक्यावर पाच वेळा. मालतीबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नव्हत्या. बघितलं की काटा पळतो. विसरवाडी मागे टाकून समोर कोंडाईबारीच्या घाटाची पहिली चढण दिसली तेव्हा दीड वाजून गेला होता. तिथे एका पळसाखाली मास्तरांनी गाडी थांबवली, किल्ली काढून खिशात घातली आणि खाली उतरून दगडावर बसले.

मालतीबाई उतरल्या. "आता काय?"

"मी घाट चढणार नाही."

"चारला हळद आहे."

"माहीत आहे मला." मास्तरांनी टोपी काढून घाम पुसला. "हर्षानी माय, तुला सांगून पटायचं नाही. मशीन बोलत नसलं म्हणजे एक तर बंद असतं, नाही तर मरायला टेकलेलं असतं. अठ्ठावीस वर्षं मी हेच बघितलं. खातं गप्प झालं की मी ताटावरून उठतो. खाली दरी आहे. काय चाललंय ते मला ऐकू येत नसताना तुला आणि पोरीला घेऊन मी वळणावर जाऊ? मला कसं कळणार ब्रेक काय म्हणतोय?"

मालतीबाई रागवायच्या तयारीने आल्या होत्या. सतरा दिवसांचा राग होता, त्याच्या मागे तीन लग्नांचा, सगळा ओळीने उभा. पण लोक काय म्हणतील एवढं सोडलं तर हा माणूस बिचारा आवाजावर रुसलाच नव्हता कधी. उधन्यात लाइट गेली की सगळी गल्ली पंखा थांबला म्हणून जागी व्हायची. हे जागे व्हायचे ते मागच्या खात्यातला खडखडाट थांबला म्हणून, आणि लाइट येऊन लूम धडधडू लागले की दुसऱ्या मिनिटाला घोरायचे. ज्याला गोंगाटात झोप लागते त्याच्यासाठी आपण मोराची गोधडी शिवून गाडी मुकी केली. त्याच्या माहेराला, म्हणजे त्या खडखडाटाला, आपण दोघांनीच मिळून कुलूप घातलं.

त्यांनी शालू हर्षदाच्या हातात दिला, पदर खोचला आणि डिकीतून डिसमिस काढलं.

"अगं, काय करतेस?"

"चूप बठा," मालतीबाई म्हणाल्या, आणि डाव्या दाराचा पहिला स्क्रू पिळला.

दार उघडं पडलं. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून गुलाबी चिंधी ओढली. चिंधी येत गेली, येत गेली, सहावारी संपून नऊवारी झाली तरी येत होती. हर्षदा दुसऱ्या दाराला भिडली. पळसाखाली रंगीबेरंगी ढीग वाढू लागला. शेळ्या घेऊन जाणारे दोन म्हातारे थांबले, एका ट्रकवाल्याने गाडी हळू करून विचारलं, "क्या निकल रहा है, बहनजी?"

"कुरकुर घालतेय परत," मालतीबाईंनी उत्तर दिलं. ट्रकवाला काही न समजता समाधानाने गेला.

मास्तर आधी बघत राहिले. मग उठले, बॉनेट उघडलं आणि मोराची गोधडी स्वतःच्या हाताने सोडवली. ती तेवढी त्यांनी झटकून, नीट घडी घालून मागच्या सीटवर ठेवली. मालतीबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. बाकीचा ढीग म्हाताऱ्यांनी मागून घेतला.

सव्वादोनला गाडी निघाली. आणि काय बोलली म्हणता! आधी होते ते चार आवाज तर आलेच, शिवाय घाईत बसवलेल्या पुठ्ठ्यांनी आणखी सहा आणले. पहिल्या वळणावर सासरा खाकरला. मास्तरांचे खांदे खाली आले. दुसऱ्या वळणावर फुटाणे, टिकटिक, कुरकुर सगळं एकदम सुरू झालं आणि मास्तर एका हाताने चाक धरून बसले.

"ऐक, ऐक," ते सांगायला लागले. "हा दाराचा, हा काही नाही. हा पुठ्ठ्याचा, हाही काही नाही. आणि ह्या सगळ्याच्या खाली ऐकू येतंय का? धग्-धग्-धग्. ते इंजिन. ठणठणीत!"

मालतीबाईंना इंजिन वेगळं ऐकू येत नव्हतं. "येतंय," त्या म्हणाल्या.

घाट चढून, उतरून, दहिवेल, साक्री मागे टाकून मास्तरांनी फाट्यावरून गाडी आत वळवली, कुठेही न थांबता. फाट्याचा रस्ता कच्चा होता. त्या दोन मैलांत गाडीने जे काही मनात होतं ते सगळं बोलून घेतलं. मांडव दिसला तेव्हा मांडवातले सगळे जण रस्त्याकडे तोंड करून उभे होते.

"ट्रॅक्टर वाटला, दाजी!" लक्ष्मण धावत आला. "आत्या उनी, आत्या उनी!" पोरं ओरडायला लागली.

शोभा मागोमाग आली. तिने गाडीवरून एक नजर फिरवली. डाव्या दाराच्या फटीतून गुलाबी चिंधीचं टोक बाहेर लोंबत होतं. "नवीच ना हो गाडी, नणंदबाई?"

"नवीच. बोलायला शिकतेय," मालतीबाई म्हणाल्या आणि मांडवाकडे पळाल्या.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाटावर नूतन बसलेली. तिच्यासमोर शांताबाई, हातात हळदीची वाटी, दोन बोटं वाटीत बुडालेली. शांताबाईंनी वर पाहिलं. तीन पोरींना हळद लावून त्यांनाही आता त्या वाटीची सवय झालेली होती, आणि माणसाची सवय एकदम सुटत नाही.

"मुहूर्त चालला होता," त्या जरा हिरमुसून म्हणाल्या.

"थांबा थांबा, आले मी!" मालतीबाईंनी हात पुढे केले आणि सगळा मांडव त्या हातांकडे बघू लागला. कोपरापर्यंत काळे होते. ग्रीस, वंगण, दाराच्या आतली धूळ. मोरपिशी साडीवरही चार ठसे होते. त्यांनी धावत जाऊन साबण लावला, राख लावली, माती लावली. वंगण लाजून थोडं फिकं झालं, पण गेलं नाही.

"अशा हातांनी हळद?" शांताबाई म्हणाल्या. त्यांनी वाटी अजून सोडली नव्हती.

मालतीबाई वाटीसमोर उभ्या राहिल्या. एवढा रस्ता ज्यासाठी केला ते दोन वितींवर होतं, आणि त्यांना स्वतःचाच हात पुढे करवेना. लेकरू नवरी. काळा डाग घेऊन सासरी जायचं?

नूतनने वाटी शांताबाईंच्या हातातून घेतली आणि आत्याचं मनगट धरून तिचे काळे हात वाटीत बुडवले.

"तिन्ही बहिणी अजून म्हणतात, आत्याची हळद राहिली," ती म्हणाली. "माले तूच लाव."

मालतीबाईंनी लावली. आधी पाय, मग गुडघे, मग हात, मग गाल. गालावर चार बोटं उमटली, मध्ये पिवळी, कडेने काळपट. शोभाने जवळ येऊन निरखून पाहिलं. ती काय म्हणते म्हणून मालतीबाई तिच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"बरं झालं," शोभा म्हणाली. "वेगळी तीट लावायला नको." आणि डोळे पुसायला म्हणून उगाच चुलीकडे गेली.

मग मालतीबाईंनी वाटी शांताबाईंपुढे धरली. शांताबाईंनी थोडे आढेवेढे घेतले, म्हणजे एवढेच की कोणी पुन्हा आग्रह करू नये. दुसरी हळद त्यांनी लावली, आणि ती, मालतीबाईंनाही मान्य करावं लागलं, जास्त सफाईदार होती.